एसी लावला की गाडी बंद: म्हसरूळच्या पार्किंगमधल्या नोंदी

९ एप्रिल २०२४, मंगळवार (गुढीपाडवा)

नाशिकमध्येच मावशीकडे गंगापूर रोडला श्रीखंड-पुरी झोडून परत येताना अशोक स्तंभाच्या सिग्नलला गाडी बंद पडली. दुपारचे अडीच, एसीचा ब्लोअर तीनवर, मागे आई आणि आप्पा. आधी स्टीअरिंगला थरथर आली, मग हेडलाइट मंद झाल्यासारखा डॅशबोर्ड किंचित मिणमिणला आणि इंजिन गप्प. चावी फिरवली की लगेच सुरू. रामवाडीच्या पुलावर काही नाही, पंचवटी कारंज्याच्या गर्दीत पुन्हा तेच. तिथून म्हसरूळपर्यंत काचा खाली.

ही तिसरी वेळ. मार्चअखेर एकदा द्वारका चौकात आणि एकदा मुंबई नाक्याला झालं होतं, तेव्हा क्लच नीट दाबला नसेल म्हणून सोडून दिलं. कंपनीत मशीन अडलं की मी आधी लॉगबुक मागतो, घरच्या गाडीला मात्र ‘बघू’ म्हणत दोन आठवडे काढले. आजपासून लिहून ठेवतो.

गाडी: २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, १.१ लिटर, चार सिलिंडर, १,१२,००० किमी. मूळ आप्पांची. पॉवर स्टीअरिंग तेलावरचं. एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) इंजिनच्या बेल्टवर फिरणारा, मॅग्नेटिक क्लचचा, म्हणजे वीज मिळाली की बेल्टशी जोडला जाणारा. थ्रॉटलला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला) केबल, आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग) सांभाळायला वेगळा स्टेपर मोटरचा व्हॉल्व्ह. म्हणजे जुन्या पद्धतीची, आणि जुन्या पद्धतीची गाडी स्वतःच्या हातांनी तपासता येते, हा तिचा मोठा गुण.

११ एप्रिल, गुरुवार

रात्री फक्त लक्षणं लिहिली. कधी बंद पडते: उभी असताना, दहा-पंधरा मिनिटं एसी चालल्यावर, भर दुपारी. कधी पडत नाही: सकाळी आठला सातपूरला जाताना (एसी लावला तरी), हायवेवर ८० ला, आणि एसी बंद असताना कधीच. उभ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवलं तर हमखास.

आप्पांना विचारलं, गेल्या वर्षभरात गाडीला काय काय केलं. त्यांनी वही काढली. पेट्रोलपासून वायपर ब्लेडपर्यंत सगळं तारीखवार. नोव्हेंबरमध्ये बॅटरी नवी. डिसेंबरमध्ये ‘एसी पंख्याची मोटर जाम, बदलली, १,८५० रु.’. जानेवारीत कूलंट आणि ऑइल. मी तिन्ही उतरवून घेतले आणि बॅटरीखाली रेघ मारली. संशय तिथेच.

१३ एप्रिल, शनिवार (कंपनीला सुटी)

ब्लूटूथचा स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नाही. अॅपमध्ये आठ-दहा आकडे एकदम लावले तर प्रत्येक आकडा दोन-दोन सेकंदांनी बदलतो, आणि गाडी एका सेकंदात मरते. म्हणून चारच ठेवले: आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, इग्निशन टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते), कूलंटचं तापमान.

इंजिन गरम, एसी बंद: ७४० आरपीएम, ३६ किलोपास्कल, टायमिंग ९ अंश.
एसी सुरू, पहिली पाच मिनिटं: ६९०, ४४ किलोपास्कल, १५ अंश. कॉम्प्रेसरचा क्लच लागतो त्या क्षणी ५४० पर्यंत खाली जाऊन वर येतो.

एसीचं बटण दाबलं की ती विनंती आधी इसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाते. इसीयू आयडलचा व्हॉल्व्ह थोडा उघडतो, जास्तीची हवा आत घेतो आणि मग कॉम्प्रेसरचा रिले ओढतो. ओझं यायच्या आधी खांदा पुढे केल्यासारखं. त्यामुळे एसी लावल्यावर आयडल उलट ५०-१०० ने वाढायला हवा. इथे तो ५० ने पडतोय. हवा वाढवणं हे संथ काम, म्हणून तोवर इसीयू टायमिंग पुढे ओढून वेग सावरतो. ९ चे १५ झाले याचा अर्थ तो सावरायचा प्रयत्न करतोय, पण हवा पुरत नाही.

बॅटरी-अल्टरनेटर: एसी बंद १४.२ व्होल्ट, सगळं चालू करून १३.५. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतच्या वायरीवर भरल्या लोडला ०.०८ व्होल्ट पडतात. उत्तम. गुरुवारची रेघ खोडली.

कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल ३.६ ओहम. ठीक.
बेल्ट: बारीक भेगा, पण घसरत नाही.
कंडेन्सरचा (ग्रिलमागे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा: एसी लावताच फिरतो. ठीक. (ही नोंद चुकीची. २७ एप्रिल पाहा.)

१४ एप्रिल, रविवार

थ्रॉटल बॉडी उतरवली. बटरफ्लायच्या (थ्रॉटलमधल्या फिरत्या चकतीच्या) मागे काळ्या डांबरासारखा थर, आयडल व्हॉल्व्हच्या वाटेत तर बोटाच्या नखाने खरवडून निघेल इतका. क्रँककेसमधली तेलाची वाफ इनटेकमध्ये परत येते, ती वर्षानुवर्षं इथेच जमते. थ्रॉटल क्लीनर, जुना टूथब्रश, दोन तास. व्हॉल्व्हची सुई हाताने आत दाबायची नाही, आतला स्टेपरचा गिअर तुटतो. फक्त टोक पुसलं.

काम करताना बॅटरी काढून ठेवली होती. सगळं जोडून चावी मारली तर गाडी वेडी झाली. ११०० वर, मग ५००, मग ११००, आणि एसी न लावताच बंद. तीनदा. खाली येऊन आप्पा म्हणाले, “आधी निदान घरी तरी येत होती.”

पाऊण तास इनटेकच्या गॅस्केटमध्ये गळती शोधण्यात गेला. गळती नव्हतीच. इसीयूने इतकी वर्षं त्या काजळीला धरून हिशेब बसवला होता, व्हॉल्व्ह किती उघडला की किती हवा येते याचा. मी एकाच दुपारी काजळीही काढली आणि बॅटरी काढून तो हिशेबही पुसला. पुन्हा शिकवावं लागतं. या गाडीला असं चाललं: चावी ऑन करून थोडं थांबायचं, न्यूट्रलला सुरू करून कशालाही हात न लावता दहा मिनिटं आयडलवर, मग एसी लावून आणखी दहा. गाडीगाडीनुसार पद्धत वेगळी, तेव्हा हे जसंच्या तसं उचलू नये.

संध्याकाळी सात वाजता: एसी बंद ७५०. एसी चालू ८२०. क्लच लागताना ६५० पर्यंत खाली, लगेच वर. आईने डाळिंबाचा रस आणून दिला. प्रकरण मिटलं असं समजून झोपलो.

१६ एप्रिल, मंगळवार

सातपूर ते म्हसरूळ, सव्वासहाला निघालो. त्र्यंबक रोड, सीबीएस, कुठेही त्रास नाही. पण ऊन उतरलेलं होतं, त्यामुळे हा पुरावा धरत नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

कामदा एकादशी. रामरथ आणि गरुडरथ निघायचा दिवस, हे डोक्यात नव्हतं. अर्धी रजा घेऊन दुपारी घरी येत होतो. पंचवटीकडचे रस्ते वळवलेले, निमाणीच्या अलीकडे सगळं ठप्प. बाहेर ३९ अंश. अकरा मिनिटं व्यवस्थित, मग आरपीएम ८२० वरून हळूहळू ओसरायला लागला. मोबाइल डॅशबोर्डवर लावलेलाच होता: ७८०, ७३०, ६६०. मॅनिफोल्ड ५७, टायमिंग २१ अंश. शेवटी एकदम थरथर आणि बंद. कूलंट ९४, म्हणजे इंजिन तापलेलं नाही.

वैतागलो, पण आजच्या आकड्यांनी बरंच सांगितलं. रविवारच्या आधी गाडी क्लच लागताक्षणी गुदमरायची आणि वर गरमीतही मरायची. पहिलं गेलं, दुसरं राहिलं. म्हणजे दोन रोग होते. आणि दुसरा हळूहळू चढतो. इंजिनची ताकद कमी होत नाहीये, कारण एसी बंद केला की त्याच मिनिटाला ७५० वर शांत चालतं. वाढतंय ते ओझं.

२० एप्रिल, शनिवार

सकाळी व्हॅक्यूम गेज लावून बघितला, कारण मिस्त्रींनी सांगितलं होतं, “दादा, एकदा व्हॅक्यूम बघून घ्या, मग बाकीचं.” वडाळा नाक्याजवळचे हे मिस्त्री कमी बोलतात, म्हणून त्यांचं ऐकतो. आयडलला इनटेकमधला व्हॅक्यूम १७ इंच (पाऱ्याचा) आला. पुस्तकी आकडा १८ ते २२. क्षणभर पुन्हा गळतीचं भूत उभं राहिलं. मग लक्षात आलं की तो आकडा समुद्रसपाटीचा. नाशिक सुमारे ६०० मीटरवर. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन केली की इथे मॅनिफोल्ड सेन्सर ९४ किलोपास्कल दाखवतो, १०१ नाही. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा. १७ म्हणजे ठणठणीत. काटाही स्थिर, म्हणजे व्हॉल्व्ह-प्लगचीही शंका नको.

दुपारी एसीवाल्या काकांकडे. बोनेट उघडायच्या आधीच निदान: “गॅस कमी असणार.” मी म्हटलं, काका, आधी गेज लावा. इंजिन न चालवता दोन्ही काटे १२५ पीएसआयच्या आसपास. त्यांना ते ‘भरपूर’ वाटलं आणि मत फिरलं: “गॅस जास्त झालाय, थोडा सोडून देऊ.”

हा घोळ बऱ्याच ठिकाणी होतो. बंद गाडीत दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि तो गॅस किती आहे हे सांगत नाही, फक्त किती तापला आहे ते सांगतो. सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव उरला असेल तोवर आर-१३४ए चा (एसीतल्या या गॅसचा) दाब तापमानाला बांधलेला असतो: २९ अंशांना ९५ पीएसआय, ३८ ला १२५ च्या जवळपास. ५०० ग्रॅम असो की ४००, काटा तिथेच. खरं प्रमाण कळायला गॅस मशीनने ओढून वजन करावा लागतो. आणि ‘सोडून देऊ’ म्हणजे हवेत; हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. नको म्हटलं.

वजन करायची मशीन असलेलं दुकान अंबडला सापडलं. बोनेटखालच्या स्टिकरवर ५०० ग्रॅम, अधिक-उणे २५. बाहेर आले ४९०. ना कमी ना जास्त. व्हॅक्यूम करून ५०० भरून घेतला. खर्च झाला, पण एक दार कायमचं बंद झालं.

काकांना राग आला नसावा. निघताना म्हणाले, “मग कंडेन्सर चोक असेल, बघा धुऊन.”

२१ एप्रिल, रविवार

कंडेन्सर धुतला. पाइपच्या साध्या धारेने, प्रेशर वॉशरने नाही, पात्या वाकतात. किडे, धूळ, मागच्या दिवाळीतली झेंडूची पाकळी. फार घाण नव्हती. दुपारी वीस मिनिटं उभी ठेवली. सतराव्या मिनिटाला बंद. आधी अकराव्या मिनिटाला व्हायची, एवढीच प्रगती.

२५ एप्रिल, गुरुवार

काही केलं नाही. इंदिरानगर बोगद्यात अडकलो, एसी बंद, काचा खाली, घामाघूम.

२७ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस सविस्तर.

मिस्त्रींकडून गेजचा सेट उसना आणला. दुपारी दोन वाजता, पार्किंगच्या उघड्या भागात, ३९ अंश. बोनेट उघडं, एसी फुल, ब्लोअर चारवर, दरवाजे उघडे. दर दोन मिनिटांनी लिहीत गेलो.

सुरुवातीला हाय साइड (कॉम्प्रेसरने दाबलेल्या गॅसची बाजू) २१० पीएसआय, आरपीएम ८२०.
चार मिनिटं: २५५, ८१०.
आठ: २९०, ७८०.
बारा: ३२०, ७२०.
चौदा: ३४०, ६७०, स्टीअरिंग थरथरतंय.

मग बादलीतलं पाणी कंडेन्सरवर ओतलं. काटा डोळ्यांदेखत ३४० वरून २१५ वर आणि इंजिन सुस्कारा टाकल्यासारखं ८०० वर. दोन मिनिटांनी पाणी वाळलं, काटा पुन्हा चढायला लागला.

याचा अर्थ लावायला कॅल्क्युलेटर लागत नाही. २१५-२२० पीएसआयला हा गॅस साधारण ५८ अंशांवर द्रव होतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंश वर. उभ्या गाडीला हे रीतसर आहे. ३४० ला तो आकडा ७६ च्या पुढे जातो. कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसरला तोच गॅस जास्त दाबाविरुद्ध ढकलावा लागतो, आणि ते बळ ८०० आरपीएमवर चाललेल्या लहान इंजिनकडून घेतलं जातं. दाब फार चढला की कॉम्प्रेसर तोडणारा स्विच असतो, पण तो याहून बऱ्याच वर तुटतो. माझं इंजिन त्याच्या आधीच हात टेकतं.

मग हवेचाच प्रश्न. पण पंखा तर फिरतोय. आवाज आहे, वारा आहे, १३ तारखेला ‘ठीक’ लिहिलेलं आहे. फिरतोय तो कमी वेगाने का, म्हणून कंपनीतल्या सहकाऱ्याकडून आणलेला डीसी क्लॅम्प मीटर लावला: ८ अँपिअर, मोटरला १३.३ व्होल्ट. पूर्ण वीज, पूर्ण वेग. घरातला टेबल फॅन एक्स्टेन्शन लावून ग्रिलसमोर ठेवला, मदत होईल म्हणून. दाब जेमतेम दहाने उतरला. हे विचित्र होतं. पाण्याने सव्वाशे उतरतो आणि पंख्याने दहा?

आप्पा चहा घेऊन आले आणि गाडीच्या नाकासमोर उभे राहिले. लुंगी, सदरा, हातात दोन कप. दोन मिनिटं माझ्याकडे बघत होते. मग कप बोनेटच्या कडेला ठेवले आणि दोन पावलं बाजूला झाले.

“काय झालं आप्पा?”

“अरे, पायांना झळ बसतेय. भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं.”

मी त्यांच्या जागी जाऊन उभा राहिलो. खरंच. ग्रिलमधून बाहेर गरम वारा. रेडिएटर-कंडेन्सरचा पंखा समोरून हवा ओढून इंजिनकडे टाकतो. गाडीच्या समोर उभ्या माणसाला काही जाणवायला नको, फार तर टेबल फॅनचा वारा पाठीवर यायला हवा. वर्तमानपत्राचं एक पान ग्रिलला धरलं. रेडिएटरच्या बाजूला पान चिकटलं. कंडेन्सरच्या पंख्याच्या बाजूला फडफडत उडून शेजाऱ्यांच्या स्कूटरवर गेलं.

पंखा उलटा फिरतोय.

डिसेंबरमध्ये बदललेली मोटर. नवीन मोटरचं कनेक्टर जुळलं नसणार, म्हणून दोन्ही वायरी कापून टेपने जोडलेल्या. दोन्ही काळ्या, एकीवर पांढरी रेघ, धुळीत दिसतही नाही. साधी डीसी मोटर. प्लस-मायनस अदलाबदल झाली की उलटी फिरते, तेवढ्याच आवाजात, तेवढाच करंट घेऊन. शेजारचा रेडिएटरचा पंखा सुलटा, म्हणून कूलंट कायम ९४ वर आणि डॅशबोर्डचा काटा मध्यावर. म्हणजे एक पंखा इंजिनची गरम हवा कंडेन्सरमधून पुढे फेकतोय, दुसरा तीच हवा आत ओढतोय. माझा टेबल फॅन त्या वाऱ्याशी समोरासमोर झुंजत होता. हायवेवर ८० च्या वेगाने येणारा वारा या सगळ्याला जुमानत नाही, म्हणून तिथे कधी त्रास नाही. आणि डिसेंबर ते मार्च नाशकात एसी लावतो कोण?

आप्पांच्या वहीतली ती ओळ मी ११ तारखेला स्वतःच्या हाताने उतरवून घेतली होती.

मोटर बसवणाऱ्याचं दुकान आप्पांना आठवतं, जायचं का म्हणाले. मी नको म्हटलं. पाच महिन्यांनी काय भांडणार? आणि पंखा मीही बघितला होता, फिरतोय एवढंच बघितलं होतं.

२८ एप्रिल, रविवार

टेप सोडवला. वायरी अदलाबदल करून सोल्डर, हीटश्रिंक, वर नालीदार पाइप. बसवायच्या आधी पान धरून बघितलं: चिकटलं. जोडाजवळ पांढऱ्या पेनने प्लस लिहून ठेवलं, पुढच्या माणसासाठी.

दुपारी दोन, ३९ अंश, तीच जागा, तेच गेज. चौदाव्या मिनिटाला हाय साइड २२५, लो ३८, आरपीएम ८१०. तीस मिनिटं थांबलो. २३०, ८१०. टायमिंग १२ च्या आसपास डुलतंय, म्हणजे इसीयूकडे अजून शिल्लक आहे. स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे, पूर्ण डावीकडे, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, ब्रेक दाबून: ७४० पर्यंत उतरून परत.

काजळी काढली नसती तर नुसत्या पंख्याने भागलं असतं का, हा प्रश्न मिस्त्रींनी विचारला. बहुधा बंद पडली नसती, पण क्लच लागताना ५४० ला जाणारी गाडी कधी ना कधी पडलीच असती. नुसती काजळी काढून काय झालं ते १९ तारखेला बघितलंच. गेज परत दिला, पैसे घेतले नाहीत, मिसळीवर मिटलं.

४ मे, शनिवार

वणीला जाऊन आलो, गडाच्या घाटात एसीसकट. परतताना मुद्दाम द्वारकेवरून, दुपारी एकला. तिथला गोंधळ नेहमीचा, सतरा मिनिटं लागली. इंजिनने हूं की चूं केलं नाही. थंडावाही वाढलाय; आई मागून म्हणाली, दोनवर कर.

१० मे, शुक्रवार (अक्षय्य तृतीया)

तीन आठवड्यांचा एकूण खर्च: थ्रॉटल क्लीनर, गॅसचं वजन-व्हॅक्यूम-भरणा, हीटश्रिंक. यातला गॅसचा खर्च गरजेचा नव्हता असं आता म्हणता येतं, तेव्हा येत नव्हतं.

क्लच लागताना आरपीएम अजून ६५० ला जातो आणि सेकंदाच्या आत सावरतो. पंधरा वर्षांच्या गाडीला एवढं सोडून दिलं.

बाकी: बेल्टच्या भेगा वाढल्यात, पुढच्या सर्व्हिसला बदलायचा. केबिन फिल्टर पावसाळ्याआधी. क्लॅम्प मीटर सोमवारी परत न्यायचा आहे.